ढाक्यातील सत्तांतर आणि आपला कापूस

कापूस वेचून घरी आला की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी भावाची चौकशी करतो. हा भाव केवळ बाजार समितीत ठरत नाही. भारतीय सुताचा एक मोठा ग्राहक बांगलादेश आहे. तेथे कापूस अत्यल्प पिकतो. मात्र देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. म्हणूनच दिल्ली व ढाका यांच्यात जे घडले ते आपणही समजून घेतले पाहिजे.

५ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थी आंदोलनामुळे पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. तीन दिवसांनी नोबेल पारितोषिक विजेते मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार स्थापन झाले. त्याची वैधता वादग्रस्त होती. कारण काळजीवाहू सरकारची तरतूद २०११ सालीच राज्यघटनेतून वगळण्यात आली होती.

भारताने मधला मार्ग स्वीकारला. पंतप्रधान मोदी यांनी युनूस यांना त्याच दिवशी शुभेच्छा दिल्या आणि हिंदू व अन्य अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेचा आग्रह धरला. डिसेंबर २०२४ मध्ये परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री ढाक्याला गेले. ४ एप्रिल २०२५ रोजी बँकॉक येथे दोन्ही नेते भेटले. हसीना यांना परत पाठविण्याची मागणी मात्र भारताने मान्य केली नाही. सुमारे ४,०९६ किलोमीटरची सीमा असलेल्या शेजाऱ्याशी संवाद तोडता येत नाही; परंतु संवाद म्हणजे संमती नव्हे, हे या धोरणाचे सूत्र होते.

तणाव अखेर व्यापारात उतरला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला तिसऱ्या देशात जाण्यासाठी दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने भूमार्गाने येणारे भारतीय सूत थांबविले. मे महिन्यात भारताने तेथील तयार कपड्यांना केवळ कोलकाता व न्हावाशेवा ही बंदरे खुली ठेवली.

बंदी सुतावर होती, कापसावर नव्हती. तरीही सूत खपले नाही की गिरणीची खरेदी मंदावते आणि त्याची झळ शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. सीमेपलीकडे तीच झळ शिलाई करणाऱ्या कामगार महिलेला बसते. सत्तांतरात या दोघांचाही हात नव्हता.

फेब्रुवारी २०२६ मध्ये तेथे निवडणूक होऊन तारिक रहमान यांचे निर्वाचित सरकार आले व वैधतेचा प्रश्न मागे पडला. राजनीतीचे यश केवळ नेत्यांच्या भेटींवरून मोजू नये. दोन्हीकडील कष्टकऱ्यांचा घास सुरक्षित राहिला की नाही, हीच तिची खरी कसोटी आहे.