घरचं वायफाय आणि माळ्यावरचा लॅपटॉप

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि बेंगळुरूतल्या आमच्या मारतहळ्ळीत पुष्कळ घरचे लॅपटॉप माळ्यावर गेले. विंडोज ११ ला साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ते नसलं की यंत्र कितीही धडधाकट असो, जुनं ठरतं. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांची ही वस्ती, त्यामुळे कंपनीचा लॅपटॉप हाताशी असतोच. घरचा आपोआप मागे पडतो. मग कधीतरी मुलीला अभ्यासाला हवा, गावाहून आलेल्या सासऱ्यांना पेपर वाचायला हवा म्हणून तो खाली काढतात. चार्जर सापडतो, यंत्र सुरूही होतं, आणि वायफायपाशी अडतं. दुकानात नेलं की ‘कार्ड गेलंय, आता नवीनच घ्या’ असं ऐकून लोक परत येतात.

सांगलीत एका तंत्रनिकेतनाच्या संगणक लॅबमध्ये माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मी इथे मुन्नेकोळालच्या बाजूला लेकीकडे राहते. सोसायटीत सोलापूर, बेळगाव, कोल्हापूरकडची बरीच घरं आहेत, आणि त्यांचे असे अडलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकांचं कार्ड शाबूत असतं. लॅपटॉप आणि राउटर यांच्या वयात दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडलेलं असतं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. हे अंतर घरच्या घरी मिटवता येतं आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही, हे मला आग्रहाने सांगायचं आहे.

‘नेट लागत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. घरचं नेटवर्क यादीत दिसतच नाही, ही पहिली. दिसतं पण पासवर्ड टाकूनही जोडलं जात नाही, ही दुसरी. जोडलं गेल्याचं दाखवतं पण पान उघडत नाही, ही तिसरी. यातली आपली कुठली हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते न ठरवता लोक विंडोज नव्याने टाकतात आणि फोटो घालवून बसतात.

एकही नेटवर्क दिसत नसेल तर आधी यंत्राची कड बघा. २००५ ते २०१२ च्या सुमारास विकल्या गेलेल्या पुष्कळ लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वायफाय बंद-चालू करणारं बारीक सरकतं बटण असायचं. माळ्यावरून काढताना ते सरकतं. काहींत एफएन आणि वरच्या रांगेतली एखादी की एकत्र दाबावी लागते. त्या कीवर अँटेनाचं चित्र असतं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात आणि आपलं तेवढं दिसत नाही, हा प्रकार जास्त चक्रावणारा. खालच्या मजल्यावर बार्शीचं कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाला मामाने अमेरिकेतून आपला जुना लॅपटॉप आणून दिला होता. तो घेऊन वर आला आणि म्हणाला, “काकू, आमचं सोडून सगळ्यांचं दिसतंय.” घरातले फोन त्याच राउटरवर छान चालत होते. दुकानदाराने अर्थातच कार्ड बदलायला सांगितलं होतं.

कारण हवेत होतं. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ पासून घरात-बाहेर परवान्याविना वापरता येतो. या पट्ट्याचे पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनल पाडलेले आहेत, पण एका राउटरचं बोलणं वीस मेगाहर्ट्झची जागा व्यापतं. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारे चॅनल १, ६ आणि ११ एवढेच उरतात. आमच्यासारख्या भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतींत आणि आजूबाजूच्या पीजींत प्रत्येक खोलीआड राउटर आहे, म्हणजे हे तिन्ही चॅनल कायम गच्च. राउटरवर चॅनलची निवड ‘ऑटो’ असली की तो स्वतःच मोकळी जागा शोधतो, आणि भारतात १३ व्या चॅनलपर्यंत जायला मुभा आहे. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतच चॅनल वापरतात आणि तिथे विकलेल्या पुष्कळ वायफाय कार्डांना त्यापुढचे ऐकूच येत नाहीत. त्या मुलाच्या घरचा राउटर १३ वर जाऊन बसला होता. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो’ काढलं, ११ ठेवलं, आणि नेटवर्क यादीत आलं. बेंगळुरूत अमेरिकेहून आलेले लॅपटॉप घरोघरी आहेत, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहिते आहे.

राउटरच्या सेटिंगचा पत्ता त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं. काहीही बदलण्याआधी आधीचं काय होतं त्याचा फोटो काढून ठेवा.

न दिसण्याची आणखी दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे, अनेक स्वस्त लॅपटॉपची कार्डं फक्त २.४ ची असतात आणि राउटरवर ५ गिगाहर्ट्झ एवढंच चालू ठेवलेलं असतं. ५ चा पट्टा वेगवान खरा, पण भिंती पार करताना लवकर दमतो, म्हणून २.४ बंद करणं तसंही शहाणपणाचं नाही. काही राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि जुनं यंत्र त्यात गोंधळतं. २.४ ला वेगळं नाव दिलं की प्रश्न सुटतो. त्या नावाबद्दलही एक सांगते. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरी किंवा कन्नडचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं बसतात. जुने लॅपटॉप अशा नावाच्या जागी कचरा दाखवतात, आणि आपलंच नेटवर्क ओळखू येत नाही. मला आपल्या लिपीतली नावं मनापासून आवडतात. पण जुन्या यंत्रासाठी साधं रोमन नाव ठेवावं.

दुसरं कारण ड्रायव्हरचं. वायफाय ६, म्हणजे ८०२.११ एएक्स, ही पिढी आली तेव्हा इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर नव्या राउटरचं नेटवर्क दिसेनासं झालं. उदाहरणार्थ ७२६० हे कार्ड. इंटेलने त्यासाठी सुधारित ड्रायव्हर दिले. ते उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, या पेचातून राउटरची केबल सोडवते. राउटरच्या पाठीवर लॅन लिहिलेली भोकं असतात, जुन्या लॅपटॉपला तसंच भोक असतं, मध्ये केबल लावली की झालं. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन वायफायला जोडा, चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वायर फक्त चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. सोसायटीत ही युक्ती आता शाळकरी पोरंही वापरतात, याचं मला समाधान आहे.

आता दुसरी तक्रार, पासवर्ड बरोबर असून न जोडण्याची. १९९७ च्या पहिल्या वायफायबरोबर डब्ल्यूईपी नावाचं कुलूप आलं. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी ते कसं उघडतं हे दाखवून दिलं. २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२, आणि मार्च २००६ पासून वायफायचा अधिकृत शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ जाहीर झालं. राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए३’ वर असेल तर दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पासवर्ड टाकूनही बाहेरच राहतो. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय ठेवून बघा. तरी अडलं तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस निवडा.

इथे मी हट्टाने एक सांगते. जुना लॅपटॉप चालावा म्हणून राउटर डब्ल्यूईपीवर आणू नका आणि पासवर्डही काढून टाकू नका. त्याच राउटरवरून तुमचं बँकेचं काम आणि मुलांचे फोन चालतात. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. जुन्या यंत्रासाठी ते चालू करा, त्यावर डब्ल्यूपीए२ ठेवा. मूळ नेटवर्क जसं आहे तसं राहू द्या.

तिसऱ्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा रुपयाएवढ्या सेलमध्ये असतं. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालावं म्हणून आत एक छोटा सेल असतो, बहुधा सीआर२०३२. माळ्यावर काही वर्षं गेली की तो संपतो आणि यंत्राची तारीख मागे जाते. वेबसाइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. लॅपटॉपच्या मते साल २००९ असेल तर आजची प्रमाणपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात, आणि तो प्रत्येक पान धोक्याचं म्हणून अडवतो. वायफाय जोडलेलं असतं, दोष तारखेचा असतो. तारीख हाताने नीट करा, नंतर सवडीने सेल बदला.

कार्ड खरोखर गेलेलं असलंच, तर नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. यूएसबीत बसणारं नखाएवढं वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतं. टाउन हॉलजवळच्या एसपी रोडवर संगणकाच्या सुट्या भागांची गल्लीभर दुकानं आहेत, तिथे चौकशी करावी. आतलं कार्ड बदलणार असाल तर एक माहीत असू द्या: काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मंजूर यादीबाहेरचं कार्ड बसवलं तर यंत्र सुरूच व्हायला नकार देतं. डोंगलला ती अट नाही.

विंडोज एक्सपीचे लॅपटॉप मात्र वेगळ्या वर्गातले. निपाणीहून मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त मराठीचे शिक्षक तसा लॅपटॉप घेऊन आले. गावच्या इतिहासावरचं त्यांचं सगळं लिखाण त्यात होतं, श्रीलिपी फाँटमधलं. “मॅडम, हा वायफायला जोडून द्या, म्हणजे प्रकाशकाला मेल करतो,” असं ते म्हणाले. मी जोडून दिला नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली. त्यानंतर सापडलेली बहुतेक छिद्रं त्यात तशीच उघडी आहेत, आणि आजच्या बऱ्याच वेबसाइट त्याच्या जुन्या ब्राउझरला उघडतही नाहीत. अशा यंत्रातला मजकूर पेन ड्राइव्हने बाहेर काढावा. तो ३२ जीबी किंवा त्याहून लहान आणि फॅट३२ स्वरूपातला असावा, कारण मोठे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट स्वरूपात येतात आणि एक्सपीला ते वेगळी जोड दिल्याशिवाय वाचता येत नाही. श्रीलिपीचा जुना मजकूर दुसऱ्या यंत्रावर फाँटशिवाय निरर्थक अक्षरं दाखवतो. तेव्हा फाइलींबरोबर त्यांच्या पीडीएफ प्रती करून घ्या आणि मूळ मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. सरांचं लिखाण आम्ही तसंच काढलं आणि नव्या यंत्रावरून पाठवलं. जुन्या फाँटांत अडकलेलं मराठी लिखाण गावोगावी आहे, आणि ते ज्या यंत्रांवर आहे ती एकेक करून बंद पडत आहेत. आपल्या ओळखीत असं कुणी असेल तर आधी तिथे जा, वायफायचं नंतर बघा.

विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्ये संपली, १० ची आता संपली. अशा यंत्रांवर मी लिनक्स टाकते. पूर्वी लिनक्समध्ये वायफाय हीच मोठी डोकेदुखी होती. कार्डाला लागणारं फर्मवेअर कंपन्यांच्या मालकीचं, म्हणून डेबियनसारख्या वितरणांत ते वेगळं मिळवावं लागे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबी रॅमवर नीट चालते, आणि तीत इन्स्क्रिप्टने मराठी टंकताही येतं. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, एवढं आधी बघावं. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर निघत नाही. टाकण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करून बघा. वायफाय लागलं तरच पुढचं पाऊल टाका.

हे सगळं करूनही घरात कुणाला लॅपटॉप नकोच असेल तर डिस्क पूर्ण पुसा, लिनक्स घाला आणि चार्जरसकट तो शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्या. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं आठवी-नववीत असतात आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर धडे वाचतात. त्यांच्या घरी जाऊन तो त्यांच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून द्या, आणि मगच निघा.