गोगलगाईच्या तोंडात डोकावताना
मुलचेऱ्याकडे बोडीत किंवा धानाच्या बांधीत पायला ग्लोबोसा ही गोल शंखाची गोगलगाय सापडली, तर शेवाळ चढलेल्या काचेच्या भांड्यात ठेवा आणि बाहेरून बघत बसा. तोंडातून एक पट्टी पुढे येते, काच खरवडते, आत जाते. हीच रॅड्युला. कायटिनची पट्टी, किसणीसारखी. प्रत्येक ओळीत सात दात, मधे एक आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन. (पान कापायचे दोन जबडे वेगळे.) पुढचे दात झिजतात, मागच्या पिशवीत नवे घडत राहतात. म्हणून मोजणी झिजलेल्या टोकाकडून नको. तोंडाचा मांसल गोळा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळतं, पट्टी उरते.

पण नुसते दात बघून 'ही धान खाते' असं प्रबंधात लिहू नका! तेवढ्यावर कुणी बांधीत विष टाकेल. आधी तिचं आतडं उघडून काय खाल्लंय ते तपासा.