गर्भस्थ शिशूच्या मस्तकाचे मोजमाप

गर्भवती स्त्रीच्या हाती येणाऱ्या सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाच्या वाढीचे चार प्रमुख आकडे असतात : डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. चारांपैकी दोन आकडे मस्तकाचे आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गर्भ किती आठवड्यांचा आहे आणि त्याची वाढ यथायोग्य होत आहे किंवा नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या आकड्यांवर अवलंबून असतात. मात्र हे आकडे योग्य वेळी घेतले गेले, तरच त्यांचा खरा उपयोग होतो.

ध्वनिलहरींचे साहाय्य

धातूच्या वस्तूंमधील दोष शोधण्यासाठी कारखान्यांत श्राव्यातीत ध्वनिलहरींचा उपयोग केला जात असे. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी अभियंता टॉम ब्राउन व डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्या साहाय्याने हेच तंत्र स्त्रीच्या उदराच्या तपासणीसाठी वापरले. त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कवटीच्या हाडावरून ध्वनी स्पष्टपणे परावर्तित होत असल्याने गर्भाचे डोके मोजणे तुलनेने सुकर ठरले. पुढे १९६८ मध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी मोजमापाची अधिक अचूक पद्धत मांडली.

रुंदी फसवी, घेर भरवशाचा

दोन्ही कानांच्या वरच्या भागातील हाडांमधील अंतर म्हणजे डोक्याची रुंदी. विसाव्या आठवड्यात ती सरासरीने पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. दिवस पूर्ण भरतेवेळी सव्वानऊ ते साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. परंतु गर्भाच्या कवटीची हाडे एकमेकांशी पक्की जुळलेली नसतात. बाळ पायाळू असेल किंवा गर्भजल कमी असेल, तर दाबामुळे डोके लांबट व अरुंद होऊ शकते.

उदाहरणादाखल दोन गर्भ घेऊ. एकाच्या डोक्याची रुंदी ७.८ व कपाळापासून मागच्या बाजूपर्यंतची लांबी ९.८ सेंटिमीटर आहे. दुसऱ्याची रुंदी ७.१ आणि लांबी १०.५ सेंटिमीटर आहे. दोघांची बेरीज सारखीच, म्हणजे १७.६ सेंटिमीटर असल्याने डोक्याचा घेरही जवळजवळ सारखाच येतो. तथापि केवळ रुंदी पाहिली, तर दुसरा गर्भ सुमारे अडीच आठवड्यांनी लहान ठरेल. यासाठी रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणतात. हे गुणोत्तर साधारणतः ७४ ते ८३ असते. पहिल्या गर्भाचे ते ८० च्या जवळ, तर दुसऱ्याचे ६८ च्या जवळ येते. असा फरक आढळल्यास रुंदीऐवजी घेर प्रमाण मानणे श्रेयस्कर असते. केवळ आकार लांबट आहे एवढ्यावरून बाळात दोष आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

डोके आणि पोट यांची तुलना

वारेतून पुरेसे पोषण मिळेनासे झाले, की गर्भाचे शरीर प्रथम मेंदूचा रक्तपुरवठा राखते. डोके वाढत राहते. परंतु यकृतातील साठा कमी होऊन पोटाचा घेर मागे पडतो. म्हणून डोके व पोट या दोहोंची तुलना करावी लागते. एका मोजमापातून गर्भाचे आकारमान कळते; वाढ कळण्यासाठी किमान दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजावे लागते. डोक्याचा घेर फारच कमी भरल्यास मेंदूच्या वाढीविषयी तज्ज्ञांकडून अधिक तपासणी करून घेणे आवश्यक असते.

नागपूरचा वाटा

वाढ योग्य आहे हे ठरविण्यासाठी प्रमाणभूत तक्ता लागतो. आठ देशांतील निरोगी मातांच्या निरीक्षणांवरून तयार झालेले असे तक्ते २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. ‘इंटरग्रोथ-२१’ या नावाच्या या अभ्यासात भारतातील केंद्र नागपूर हे होते. एकंदर ४,३२१ गर्भवतींची सुमारे दर पाच आठवड्यांनी मोजमापे घेण्यात आली.

तारखेचे महत्त्व

तक्ता कितीही चांगला असला, तरी गर्भाचे वय चुकले तर निष्कर्षही चुकतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या लांबीवरून काढलेल्या वयात पाच ते सात दिवसांचाच फरक पडू शकतो. अखेरच्या तीन महिन्यांत तो तीन आठवड्यांपर्यंत जातो. सातव्या-आठव्या महिन्यात प्रथमच तपासणीस आलेल्या स्त्रीचे बाळ लहान दिसले, तर ते दिवसांनी लहान आहे की पोषणाअभावी खुरटले आहे, हे सांगणे डॉक्टरांनाही कठीण होते. पहिल्या बाळासाठी थांबणे योग्य असते, तर दुसऱ्यासाठी थांबणे जीवघेणे ठरू शकते.

म्हणूनच बाराव्या आठवड्यापूर्वी नोंदणी होणे अगत्याचे आहे. पाळीची तारीख आठवत नसली, तरी ती संक्रांतीच्या आधी आली होती की नंतर, अशा विचारणेतून आशा स्वयंसेविका किंवा आरोग्य सेविका दिवस निश्चित करू शकतात. पुढे प्रत्येक भेटीत गर्भाशयाचा माथा टेपने मोजून वाढीचा अंदाज घेता येतो. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते.

या तंत्राचा दुरुपयोग रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच करता येते आणि गर्भाचे लिंग सांगणे वा विचारणे हा गुन्हा आहे. डोक्याच्या मापाचा मुलगा-मुलगी ठरविण्याशी काहीही संबंध नाही, हेही लोकांना सांगितले पाहिजे.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांना यंत्र हाताळावयाचे नाही. गावातील प्रत्येक गर्भवतीची तारीख वेळेवर नोंदली जाईल आणि जुने अहवाल तिच्या माता व बाल संरक्षण कार्डासोबत जपून ठेवले जातील, एवढे त्यांनी पाहिले, तरी पुढील प्रत्येक मोजमापाला अर्थ प्राप्त होईल.