बरणीवरची मोहोर आणि मीठ

अमेरिकेतील दुकानात पास्त्याच्या सॉसची बरणी निवडताना, ज्या यहुदी गृहिणीस धर्माज्ञा आणि कमी मिठाची वैद्याज्ञा दोन्ही पाळावयाच्या असतात, तिने प्रथम वर्तुळातील ‘यू’ अक्षराची, म्हणजे अन्न धर्मसंमत (कोशर) असल्याची ग्वाही देणाऱ्या ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची, मोहोर पाहावी. शेजारी ‘डी’, म्हणजे ‘डेअरी’, असल्यास तो सॉस मांसाच्या जेवणास वर्ज्य समजावा. मात्र ही मोहोर मिठाविषयी जामीन राहत नाही. ‘लो सोडियम’ म्हणवणाऱ्या सॉसमध्ये सरकारी नियमानुसार एका वाढणीत 140 मिलिग्रॅमपेक्षा अधिक सोडियम चालत नाही. ‘रिड्यूस्ड सोडियम’ याचा अर्थ नेहमीच्या मालाहून निदान 25 टक्के कमी एवढाच, आणि मूळ मालच खारट असल्यास ही सवलत फसवीच म्हणावयाची. वाढणीही बहुधा अर्ध्या कपाचीच धरतात! मोहोर असलेली ‘नो सॉल्ट ॲडेड’ बरणी मिळाल्यास तीच उचलावी. न मिळाल्यास बिनमिठाचे टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल घेऊन सॉस घरीच शिजवावा.