लाइट आली

राहात्याच्या पेरूबागेत कुणी ‘लाइट आली का?’ विचारलं, तर त्याला दिव्याची नव्हे, विजेच्या मोटारीची काळजी असते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ प्रकाश. मराठीत तो वीज झाला, बहुधा विजेमुळेच स्त्रीलिंगीही. ‘लाइट गेली’, ‘लाइटबिल भरलं’ ही अस्सल मराठी वाक्यं आहेत. ‘या आठवड्यात लाइट रात्रीची आहे’ यात तर शेतकऱ्याचं जागरण, अंधारातला बांध, साप-विंचवाची भीती, सगळं येतं. अशा वापराला चुकीचं इंग्रजी म्हणणं मला पटत नाही.

इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे हलकाही. पण हे मुळात दोन वेगळे शब्द, रूप तेवढं एक झालं. प्रकाशवाचक लाइट संस्कृतातल्या ‘रोचते’च्या, म्हणजे ‘चमकतो’च्या कुळातला, हलकेपणाचा लाइट ‘लघु’चा सख्खा. त्याच लघुपासून प्राकृतातून आपला ‘हळू’ आला. ‘लाइटली घेऊ नको’ म्हणताना आपण दूरच्या नातेवाइकालाच हाक मारतो. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही अशा मध्यरात्री मात्र बांधावर एकच अर्थ उरतो: मोटार सुरू झाली, दंडाला पाणी आलं.