ऐकणाऱ्याचा वाटा

चहाडी करणारा वाईट, हे कुणीही सांगेल. ती ऐकून घेणाऱ्याला मात्र आपण सहसा मोकळं सोडतो. तो नुसता बसला होता, त्याच्या कानावर पडलं, त्यात त्याचा काय दोष? ज्यू धर्मशास्त्र त्याला असा सोडत नाही. वाईट बोलणं तिघांचा जीव घेतं, असं तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो: बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा आणि ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याचा. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताने तर ऐकून खरं मानणाऱ्याला बोलणाऱ्याहून अधिक दोषी ठरवलं. मला या शास्त्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

ऐकणाऱ्यांचं पाप किती वाढू शकतं, हे आपल्याला दूर जाऊन शोधायला नको. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं जमावाने ठार मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी कंडी आधीच मोबाइलवरून घरोघर पोहोचली होती. ती पिकवणारा कोण, कुठला, हे जमावातल्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मारणारे हात सगळे ऐकणाऱ्यांचे होते. आमच्या बालाघाटला एका अंगाने गोंदिया-भंडारा आणि दुसऱ्या अंगाने छत्तीसगढ लागतो. ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, हा शब्द एखाद्या बाईच्या मागे लागला की तिचं काय होतं, हे या पट्ट्यात वेगळं सांगावं लागत नाही. छत्तीसगढने 2005 साली कायदा करून एखाद्याला नुसतं टोनही ठरवणं हाच गुन्हा मानला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा आला. या कायद्यांचा हात बोलणाऱ्यापर्यंत आणि मारणाऱ्यापर्यंत पोहोचतो. मध्ये बसून मान डोलावणारे शंभर जण तसेच राहतात.

ज्यू शास्त्राने बोलण्याचे प्रकार बारकाईने पाडले आहेत. खोटी बदनामी अर्थातच सर्वांत वाईट. पण ‘लाशोन हारा’, म्हणजे वाईट बोलणं, हा दोष खऱ्या गोष्टीलाही लागतो. “मी खोटं काय बोललो?” हा आपला नेहमीचा बचाव तिथे चालत नाही. गोष्ट खरी असेल, पण ती सांगून कुणाचं भलं होत नसेल आणि माणूस मात्र लोकांच्या नजरेतून उतरत असेल, तर ती सांगायची नाही. इकडचं तिकडे नेऊन दोघांत तेढ लावणं हा निराळा गुन्हा. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करणं तर रक्त सांडण्यासारखं. बायबलच्या गणना पुस्तकात मिर्याम आपल्या सख्ख्या भावाविषयी, मोशेविषयी, त्याच्या बायकोवरून बोलते आणि तिच्या अंगावर कोड उठतं. सात दिवस तिला छावणीबाहेर राहावं लागतं. ती परत येईपर्यंत सगळा समाज मुक्काम हलवत नाही, हा तपशील मला फार आवडतो. शिक्षा झालेल्या बाईला मागे टाकून कुणी पुढे गेलं नाही.

हे सगळे नियम विखुरलेले होते. ते एकत्र केले राडिन या आज बेलारूसमध्ये असलेल्या गावातले धर्मगुरू, रब्बी इस्राएल मेइर कागान यांनी. ‘खाफेत्स खाईम’ हा त्यांचा ग्रंथ 1873 साली विल्नात छापला गेला आणि पुढे लोक त्यांनाच त्या नावाने ओळखू लागले.

त्यांनी तोंडाला कुलूप लावायला सांगितलेलं नाही. सोयरिकीचंच बघा. स्थळाची चौकशी करायला कुणी दारात आलं तर काय सांगायचं? आपल्याकडे एक तर ‘माणसं चांगली आहेत’ म्हणून हात झटकतात, नाहीतर तीन पिढ्यांची उणीदुणी निघतात. कागान यांच्या अटी अशा: स्वतः पाहिलेलं किंवा नीट पडताळलेलंच सांगा, तिखटमीठ लावू नका, जुना राग काढायला म्हणून सांगू नका, समोरच्याचं नुकसान टाळायचा दुसरा मार्ग असेल तर तो धरा, आणि तुमच्या सांगण्याने त्या माणसाला वाजवीपेक्षा जास्त सोसावं लागणार नाही हे बघा. एवढं सगळं जुळत असेल आणि मुलाचा गंभीर दोष तुम्हाला ठाऊक असेल, तर गप्प बसणं हाच अपराध ठरतो.

ऐकणाऱ्यालाही तसाच मार्ग दिला आहे: विश्वास ठेवू नका, पण सावध राहा. यामागे गदल्याची कथा आहे. यरुशलेम पडल्यावर बाबिलोनच्या राजाने त्याला यहूदा प्रांताचा कारभारी नेमलं. इश्माएल तुझ्या जिवावर उठलाय, असं योहानानने त्याला बजावलं. गदल्याने ती चहाडी मानली आणि उलट योहानानलाच खोटं पाडलं. पुढे इश्माएलने त्याच्याच पंगतीत बसून त्याला ठार केलं. तालमूद यात गदल्यालाही दोष देतो. इश्माएलला गुन्हेगार मानायची गरज नव्हती, पण पहारा ठेवायला काय हरकत होती? त्या दुःखाचा उपास ज्यू नववर्षाच्या सणानंतर आजही पाळतात.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने तर या शास्त्राच्या दोन्ही बाजू भोगल्या. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं सांगणारे, तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे कोकणातले ‘शनिवार तेली’. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्यांच्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद होते. काळ्यांच्या कुळात बाहेरचं रक्त आहे असं म्हणत आणि त्यांच्याशी सोयरीक करत नसत. मग काळ फिरला. समाजातले बरेच जण इस्रायलला गेले आणि तोच संशय अख्ख्या समाजावर उलटला. 1962 साली मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या आदेशाने लग्न नोंदवणाऱ्यांना सांगण्यात आलं, की बेने इस्रायल वर-वधूच्या मागच्या पिढ्या जमेल तितक्या तपासा. पूर्वजांचे घटस्फोट आणि विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, ही शंका. पुरावा नव्हता, शंका होती, आणि तेवढ्यावर ठरलेली लग्नं अडली. 1964 च्या उन्हाळ्यात ही माणसं यरुशलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच असल्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात रब्बींना आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. बोलण्यावर एवढं बारीक शास्त्र लिहिणाऱ्या धर्माच्या अधिकाऱ्यांकडून हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं. त्यांनाही ऐकणाऱ्याचे नियम लागू होते.

योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला बेने इस्रायल दारफाळणीचा सण म्हणत. दारं बंद करून, पांढरे कपडे घालून, दिवसभर उपास. त्या दिवशीच्या पापांच्या कबुलीत जिभेची पापं ठळक असतात. पण मिश्ना हा ज्यूंचा जुना नियमसंग्रह बजावतो, की माणसाचा केलेला अपराध या उपासाने धुतला जात नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. तिथे एक अवघड प्रश्न उरतो. ज्याची निंदा केली त्याला ती कळलेलीच नसेल तर? कागान म्हणत, तरीही जाऊन सांगा आणि क्षमा मागा. लिथुआनियातले रब्बी इस्राएल सलांतर यांना हे पटलं नाही. न कळलेली निंदा सांगायला जाणं म्हणजे आपलं मन हलकं करण्यासाठी त्याला नव्याने दुखावणं, असं त्यांचं म्हणणं. आजही रब्बी यावर दोन्ही बाजूंनी निर्णय देतात.