गायी हजार, वळू किती?

वर्धा नदीपलीकडचा आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे हा भाग म्हणजे पांढऱ्या, चपळ गवळाऊ गाईचं माहेर. नदीच्या अलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीची पूर्णाथडी म्हैस आहे. दोन्ही जातींची राष्ट्रीय पातळीवर नोंद आहे. पण नोंद झाली आणि पशुगणनेत डोकी भरली, की जात सुरक्षित असं मानणं चुकीचं आहे. डोक्यांपेक्षा वळू मोजायला हवेत. वासराला निम्मी जनुकं आईकडून येतात, निम्मी बापाकडून. हजार गायींमागे पाचच वळू असतील, तर पुढच्या पिढीचा निम्मा वारसा त्या पाचांचाच. नर आणि मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोहोंच्या बेरजेने भागलं, की कळपाची परिणामकारक संख्या, म्हणजे वारशाच्या हिशेबाने कळप खरा केवढा ते, मिळते. इथे ती येते जेमतेम २०. अशा कळपात निकटप्रजनन दर पिढीला अडीच टक्क्यांनी वाढतं. एक टक्क्यापुढची वाढ धोक्याची समजतात. वळू २५ केले, तर हीच संख्या ९८ च्या घरात जाते, आणि त्यासाठी एकही गाय वाढवावी लागत नाही.

गोठवलेल्या रेतमात्रा मिळत असताना वळू पोसायचा कशाला, असं कोणी विचारेल. पण थोड्याच वळूंच्या मात्रा सगळीकडे गेल्या, तर अडचण उलट वाढते. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘चीफ’ या होल्स्टीन वळूला १६ हजारांवर मुली झाल्या. दूध वाढलं, पण त्याच्यातला एक छुपा जनुकदोषही पसरला आणि त्यापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गळाले, असा अंदाज आहे. दुसरी शंका शुद्धतेची. विविधता राखायची म्हणजे जर्सीचं रक्त मिसळायचं, असं मुळीच नाही. रंग नि शिंगं सारखी असलेल्या दोन गवळाऊ गायींत दूध, खूर, ऊन सोसणं, रोगाला तोंड देण्याची ताकद यांत मोठा फरक असू शकतो. ट्रॅक्टरमुळे बैलाची गरज घटल्यावर कमी दुधाची गाय परवडत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तरही याच फरकात दडलंय. निवडीने दूध वाढवायचं, तर निवडायला वेगळेपण शिल्लक हवं. सगळी वासरं एकाच बापाची झाली, तर निवडणार काय?

आपल्याकडे अंगापिंडाने भरलेला गोऱ्हा बहुधा खच्ची होऊन औताला जातो. त्याचा वंश तिथेच थांबतो. गोपालकांना म्हणूनच विनंती आहे: पुढच्या खच्चीकरणाआधी गावाने निदान दोन चांगले गोऱ्हे, वेगवेगळ्या मायबापांचे, पैदाशीसाठी राखावेत, आणि कोणतं वासरू कोणाचं, हे वहीत लिहून ठेवावं.